ट्रेझाइझांच्या बायबलमधलं भोक

मूंटा या आमच्या खाणीच्या गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. कुणाच्या घरी काय जळतंय ते कळायला वासही लागत नाही. शेजारच्या लव्हडे ट्रेझाइझच्या घरी चार पिढ्या एकच गोष्ट जळत होती : तिचे पणजोबा हॅनिबल.

हा हॅनिबल एकोणिसाव्या वर्षी समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून आमच्या तांब्याच्या खाणीत आला. थॉमसिनशी चॅपलमध्ये लग्न लागलं, तीन मुलं झाली. १८९३ साली खाणीत माणसं कमी केली, तेव्हा निम्मं गाव पश्चिमेकडच्या सोन्याच्या खाणींमागे धावलं; हाही गेला. एक पत्र आलं, तेही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. पुढे काही नाही.

गावानं लगेच तिकडे त्याचं दुसऱ्या बाईशी घर थाटून दिलं. अशा कामात आम्ही आळस करत नाही. थॉमसिननं दोन वर्षं वाट पाहिली. मग १८९५ च्या ईस्टरला चॅपलमधून आली, टोपीसुद्धा न काढता शिवणाची कात्री घेतली आणि घरातल्यांची नावं नि जन्मतारखा ज्यात लिहायच्या त्या बायबलमधलं नवऱ्याचं नाव खरवडलं. इतकं, की कागदाला भोक पडलं आणि पाठच्या बाजूला लिहिलेली धाकट्या मेरीची जन्मतारीखही गेली. काळे कपडे तिनं कधी घातले नाहीत. ते विधवांनी घालायचे. टाकलेल्या बायकोला तो मान नव्हता. लोकांचे कपडे धूत ती म्हातारी झाली. तिच्या थडग्याच्या दगडावर एवढंच आहे : ‘थॉमसिन, तीन मुलांची आई’.

लव्हडेमावशी एक्क्याऐंशीची. लग्न केलं नाही. हृदय आता रडतखडत चालतं. अकरा वर्षं ती या माणसाच्या मागावर होती. जहाजांच्या याद्या, खाणींच्या हजेऱ्या, तुरुंगाची दफ्तरंसुद्धा पाहून झाली होती.

“मावशी,” मी कुंपणावरून म्हणायचो, “तिकडे ट्रेझाइझांचं मोठं हॉटेल आहे म्हणे. चला, हक्क सांगून येऊ.”

“जॅगो पेनबर्थी, पेस्टी खाताना तरी तोंड बंद ठेवत जा.” मग हळूच म्हणायची, “पळाला की मेला, एवढं कळू दे रे मला. मग खुशाल जाईन.”

गेल्या उन्हाळ्यात मी असाच एक विनोद घेऊन कुंपणाशी गेलो. “ऐकलंत का? आमचे पणजोबा जॉन पेनबर्थी दोनदा मेले! इथं मेले ते एकोणीसशे एकतीस साली, अंथरुणात, केशरी केक खाता खाता. पण पश्चिमेच्या दफनभूमीच्या यादीत ते अठराशे चौऱ्याण्णव सालीच मेलेत. वर पत्ता मूंटाचा!”

मावशी हसली नाही. हातातली कात्री तिनं गुलाबाच्या झाडातच सोडली.

“चुलतभाऊ,” ती म्हणाली.

आणि माझंही हसू गेलं. आम्हा कॉर्निश लोकांची ही जुनी खोड. खाणीत जागा झाली की आपला माणूस कॅप्टनला, म्हणजे खाणीच्या मुख्य साहेबाला, सांगणार, “साहेब, माझा एक चुलतभाऊ आहे, कामाला वाघ.” भाऊ कसला, गल्लीतला कुणीही असायचा. त्याला आणून आपल्या आडनावावर चढवायचं, आणि आपण दुसरीकडे गेलो की आपल्या अख्ख्या नावावरच. अकरा वर्षं मावशी ट्रेझाइझ शोधत होती!

तिनं तिकडे लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाकीट तिनं माझ्याकडे दिलं. “तू वाच.”

तंबूतल्या इस्पितळाची नोंद होती. जॉन पेनबर्थी, खाणकामगार. विषमज्वर. मृत्यू ११ जानेवारी १८९४. बायको थॉमसिन. मुलं एलायजा, केझाया, मेरी.

आमच्या पणजीचं नाव बेसी. जॉन पेनबर्थी हे नाव खाणीच्या हजेरीतून उतरवलं असावं. बायकोमुलांची मात्र हॅनिबलनं तापात स्वतः सांगितली असणार.

मावशीनं बोटांवर महिने मोजले. “नाव खरवडलं तेव्हा तो सव्वा वर्ष मातीत होता, जॅगो. थॉमसिननं मेलेल्याला शिव्या दिल्या. स्वतः मरेपर्यंत, चौतीस वर्षं.”

आमचे पणजोबा तेव्हा दुसऱ्या खाणीवर गेले होते, असं आमच्या घरात सांगतात. परत आले तर गाव हॅनिबलला नावं ठेवत होतं. ते त्यांच्यात बसले. थॉमसिनच्या दारावरून जाताना मात्र तोंड फिरवायचे, असं आजी सांगायची. हॅनिबल आपल्या नावावर मेला, हे त्यांना माहीत होतं का? विचारायला कुणी उरलेलं नाही. मी मावशीला हे सांगितलं. तिनं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. शिवी दिली असती, त्यापेक्षा तो कप मला जास्त लागला.

मग पाथरवटाला बोलावलं. थॉमसिनच्या दगडाशी टेकून त्यानं पेन्सिल काढली. “काय लिहू, बाई? ‘आणि तिचे प्रिय पती’?”

“प्रिय नको. ती रागातच गेली. तिच्या तोंडात मी आता शब्द घालणार नाही. लिही : हॅनिबल ट्रेझाइझ. पळून गेला नव्हता.”

“असं दगडावर लिहीत नाहीत, बाई.”

“गावानं इतकी वर्षं तोंडानं लिहिलंच होतं ना? तू छिन्नीनं लिही.”

तो माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, “लिही बाबा.”

दुपारपर्यंत काम चाललं. खुर्ची नेली होती, पण मावशी बसली नाही. जागा कमी पडली, म्हणून शेवटची अक्षरं त्याला बारीक कोरावी लागली. मावशी जवळ गेली, चष्मा पुसला, बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं.

“वाचता येतंय ना रे?” तिनं विचारलं.

“येतंय, मावशी.”

“लांबून?”

मी फाटकापर्यंत मागे गेलो. तिथून येत नव्हतं. “येतंय!” मी ओरडलो.