गुरुजींची पट्टी

दर शनिवारी गावच्या शाळेत मी दुसरीच्या मुलांना कार्टून काढायला शिकवते. एक गोल, दोन ठिपके, आणि ज्याचं चित्र काढायचं त्याचं जे मनात राहतं ते सगळ्यांत मोठं काढायचं. आज गौरीने गुरुजी काढले. डोकं लिंबाएवढं, पट्टी मात्र कागदात मावेना, म्हणून तिने खाली दुसरा कागद चिकटवला.

गौरी डावखुरी आहे. डाव्या हातात पेन्सिल दिसली की गुरुजी त्याच पट्टीने मारतात. माझीही बोटं त्यांनीच सुजवली होती. मोठेपणी मी त्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली, गावभर वाटली. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. आरोप झाले की गुरुजी आणखी ताठ चालायचे. त्यांना कुणी हसलं मात्र नव्हतं.

मी चित्र वर्गाच्या दारावर लावलं. माफ करण्याएवढी मी थोर नाही.

मधल्या सुट्टीत गुरुजी दारात थबकले. मुलं खिदळू लागली.

"हे ध्यान कुणाचं रे?"

"तुमचंच, गुरुजी!"

"काढलं कुणी?"

गौरीने हात वर केला. डावा.

वर्ग आणखी जोरात हसला. पट्टी गुरुजींच्या काखेतच राहिली.