पाहुणा वर येईपर्यंत

बीडला आमच्या घराखाली दुकानांचे गाळे आहेत, वर आम्ही राहतो, आणि जिन्याला रस्त्याच्या बाजूनं लोखंडी दार आहे. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आईला धारूरजवळच्या गावाहून इकडं आणलं, तेव्हा त्या दाराला मी विजेवर उघडणारं कुलूप बसवून घेतलं. खाली कुणी बेल दाबली की आईनं वर भिंतीवरचा दाराचा फोन उचलून "कोन हाय?" विचारायचं आणि बटन दाबायचं. खट्ट करून दार उघडायचं. आम्ही नवरा-बायको दिवसभर नोकरीवर आणि आईला जिना उतरवत नाही, त्यामुळं येणारं-जाणारं सगळं त्या बटनावर.

एक दिवस बेल वाजेना आणि दार उघडेना. जिन्याखालच्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. नेमकी त्याच दुपारी आईची धाकटी जाऊ दवाखान्याच्या कामाला बीडला आली होती. दार वाजवून वाजवून ती निघून गेली. आईनं गॅलरीतून हाका मारल्या, पण रस्त्याच्या गलक्यात तिला काही ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी मी चपला काढतोय तोच आई म्हणाली, "मला गावाकडं नेऊन सोड. दारातून मानूस माघारी गेलं. असल्या घरात मी न्हाई ऱ्हायची."

गावात ती एकटी राहणार, आणि मागं न्हाणीत पडली तेव्हा हाकेला कुणी नव्हतं. भीती वाटली की मी चिडतो. ती सगळी चीड दुसऱ्या दिवशी कुलूप बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनवर निघाली.

"कसला माल बसवता हो? वर्षभरसुद्धा टिकत नाही!"

"लाईट वरखाली व्हायली, सर. त्यानंच जळलं आसंल," तो म्हणाला. मेन स्विच बंद करून त्यानं जुना ट्रान्सफॉर्मर काढला. त्याचा करपट वास जिनाभर पसरला होता. नवा बसवून झाल्यावर म्हणाला, "आता बगा बेल दाबून."

बाहेर जाऊन मी बेल दाबली. "कोन हाय?" "मीच." खट्ट झालं. आत आलो, दार ओढून घेतलं, जिना चढू लागलो. पण खाली कुलपाची घुर्र घुर्र काही थांबेना. वर येऊन बघतो, तर आई बटनावर अंगठा दाबून उभी. मी आत पाऊल टाकलं तेव्हा तिनं तो उचलला.

"आई, दार कवाच उघडलं. बटन कावून धरून ठेवलंस?"

"मंग? मानूस वाटंत आसताना दार सोडायचं? त्यानं काय समजावं?"

गावी पाहुणा आत येईपर्यंत दार हातानं धरून उभं राहतात. आधी सोडलं तर तोंडावर दार लावल्यासारखं होतं. आईनं इथंही तेच केलं होतं. भाजीवालीपासून पायरीपायरीवर दम खात येणाऱ्या शेजारणीपर्यंत प्रत्येकासाठी ती बटन धरून उभी राहायची, आणि ट्रान्सफॉर्मर बिचारा तापत राहायचा. मी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो! मला हसू आवरेना. एवढंच होतं तर. जीव भांड्यात पडला.

आमचं बोलणं ऐकून इलेक्ट्रिशियन वर आला. "आजी, खट्ट झालं की सोडत जा. न्हाईतर ह्यो बी जळंल."

"सोडते की. पर ते वर येस्तोवर मी काय करू?"

मग आईनंच वरच्या दाराजवळ खुर्ची ठेवायला लावली.

आठवड्याभरात जाऊ पुन्हा आली, चहा पिऊन गेली. गावाला जायचं आईनं परत काढलं नाही. माझ्या खिशात खालच्या दाराची किल्ली असते, तरी संध्याकाळी मी बेलच दाबतो. खट्ट होतं, घुर्र लगेच थांबते, आणि जिना संपेपर्यंत वरून आवाज येत राहतो, "ये बाबा, ये. ये, सावकाश ये."