पाच कोरड्या पायऱ्या

पैनगंगेकाठच्या नाव मंडळात कुणाला नाही म्हणायची रीत नव्हती. नऊ वर्षांचं पोर असो की दात पडलेला म्हातारा, वल्हं धरता आलं की झाला सभासद. मंडळ किती जुनं, हे गावात कुणालाच सांगता येत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नाव नारळ घेऊन पलीकडच्या काठाला जाई. त्याआधी मंडळातल्या सर्वांत वयस्क माणसानं घाट उतरून पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजायच्या. पाच कोरड्या असल्या तर नाव सुटे, कमी भरल्या तर नारळ काठावरच फुटे. त्याच्या मागून दुसऱ्यानं मोजणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडणं.

१९६१ साली हा मान तांड्यावरच्या लखीरामचा होता. त्याचे वाडवडील बैलांवर मीठ लादून हीच नदी उतरत, त्यामुळे पाणी आपल्याला विचारून चढतं अशी त्याची घमेंड होती. पण दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांवर साय धरली होती. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. मोजणी गेली तर मंडळात आपण उरलो कशाला, ही भीती त्याला आंधळेपणापेक्षा मोठी वाटे. पायऱ्या तो पायानंच मोजी.

त्या उन्हाळ्यापासून तो पुसदला लेकीकडे होता, तो थेट पोळ्यालाच परतला. त्याच्या माघारी गवंड्यानं घाटाच्या वरच्या दोन उंच, फुटक्या पायऱ्या काढल्या आणि म्हाताऱ्या बायांना सोपं जावं म्हणून तिथं चार बुटक्या बांधल्या. साऱ्या गावानं ते पाहिलं, पण मोजणीचं कुणाच्या मनातही आलं नाही. मोजणारा लखीराम, त्याला काय डोळे नाहीत?

करीच्या सकाळी नदीला गढूळ फेस होता आणि वारा पडलेला होता. चाळीस वर्षं लखीरामच्या शेजारी वल्हं मारणाऱ्या सदाशिवरावानं त्याला बाजूला घेतलं.

"पाणी मले बरं दिसून नाही राह्यलं. तुले नीट दिसते ना?"

"तुह्या टकलावरची माशी बी दिसते."

लखीराम उतरू लागला. गुडघा आज कुरकुरत नव्हता. लेकीनं चोळलेल्या तेलाचा गुण, असं समजून तो मनातून खूशही झाला. पाच पायऱ्या झाल्या आणि पाय ओला झाला. त्यानं हात वर केला, नाव सुटली.

मधल्या धारेत वाहून आलेलं बाभळीचं झाड नावेला आडवं लागलं. लखीरामला फक्त आवाज आला, मग काठावरच्या बायांचा आकांत. सात जण पोहून आले. सदाशिवराव तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडला.

तेरवीच्या पंगतीत कुणीतरी सहज म्हणालं, नव्या पायऱ्या मात्र बऱ्या झाल्या, दोनाच्या चार. लखीरामनं मनात हिशेब केला: त्या दिवशीच्या पाच म्हणजे जुन्या तीनच. नदीनं घात केला, असंच सारे म्हणत होते. त्यानं वर्षभर ते म्हणू दिलं. याला भ्याडपणाच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.

पुढच्या करीला मंडळ मानानं त्याला घाटावर घेऊन आलं. खाली नावेत सदाशिवरावाच्या जागेवर त्याची बायको भागीरथा बसली होती. मेलेल्याचं वल्हं त्याच्या घरच्यानं उचलायचं, ही मंडळाची रीत. ती बसली आहे हे लखीरामला तिच्या खोकल्यावरून कळलं. तो पाण्यापर्यंत उतरला, पण हात वर होईना.

"मले दिसत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाले. मी पायानं मोजतो."

वल्हं नावेत ठेवल्याचा आवाज झाला.

"भाऊजी," भागीरथा म्हणाली, "त्याईनं तुमाले इचारलं होतं. तवा काहून नाही सांगतलं?"

वर चढायला लखीरामनं हात पुढे केला. धरायला कुणी आलं नाही, मग पायानं चाचपत तो एकटाच चढू लागला.