बारकीमावशीने पाहिलेलं विद्यापीठ

रानकंद खणला की बारकीमावशी त्याचा वेलाकडचा शेंडा विळ्याने कापून पुन्हा खड्ड्यात ठेवायची, माती लोटायची आणि वर थोपटून म्हणायची, "नीज आता." खालचा कंद तेवढा टोपलीत. पनवेलजवळच्या कोन गावापलीकडे, डोंगराखाली तिची कातकरी वाडी. वीटभट्ट्या सुरू होईपर्यंत तिचं पोट रानावरच.

नव्वदच्या आसपास मी पनवेलहून तिच्याकडे जायची, कारण विद्यापीठात रानकंदांवर पीएच.डी. करत होते. पानं झडलेला वेलही ती लांबून ओळखायची. मी चुकले की खुदकन हसायची. "बाय, तुजी शाळा वाया गेली!"

पण माझ्या मार्गदर्शक सरांनी माझे नमुने परत केले. वेल, शेंडा, कंद सगळं अखंड हवं, नाहीतर प्रबंध अडणार. मी मावशीच्या खूप विनवण्या केल्या. ती बधली नाही. "डोकाच नेलास तं पुडच्या साली आमी काय खावा? चल, मीच सांगते तुज्या सायबाला."

आणि खरंच आली. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहं, इमारतींमागे इमारती बघत चालली होती. वाळलेल्या झाडांची कपाटं तर तिने स्वतः उघडून पाहिली. "येवडी मानसं शिकतात, आन् कंद इचाराला आमच्या वाडीवर येतात?" मला हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली.

सरांनी तिला खुर्ची दिली. तिचं सगळं ऐकून त्यांनी माझे नमुन्यांचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, "शेंडा जमिनीतच राहू दे. त्याचं चित्र काढून जोड." माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि संग्राहक म्हणून यांचं नाव कुठाय?"

दोन वर्षं प्रत्येक कागदावर मी फक्त माझंच नाव लिहिलं होतं. मला मान वर करवेना.

"नाव लिवला तं किती दिस ऱ्हाईल?" मावशीने विचारलं.

"शंभर वर्षं तरी."

"मंग माजा नको. सोनीचा लिवा. माजी लेक. वेल हुडकाला माज्यापेक्षा हुशार होती. भट्टीवर तापानं गेली. तिचा नाव कंच्याच कागदावर नाय."

इतकं रान आम्ही बरोबर हिंडलो आणि तिला लेक होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी पेन काढलं. संग्राहकाच्या रकान्यात मावशीचं नाव आणि त्याशेजारी सोनीचं नाव लिहायला सरांनी मानेनेच सांगितलं.

"आडनाव काय लिहू, मावशी?"

"नुसता सोनी लिव," ती कागदावर वाकून म्हणाली. "आन् जरा मोठा लिव."