गेनभाऊचे सात दगड

गेनभाऊ गेला हे मला घरच्या कुणी सांगितलं नाही, फोनही आला नाही. नारायणगावच्या चौकात टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. त्यात येडगावकडून आलेली एक जीप अडकली आणि तिच्या मागच्या फळीवर लटकलेला माणूस माझ्या दुकानाकडे तोंड करून म्हणाला, "शेट, तुमचा पाटकरी गेला पहाटं." मी काही विचारायच्या आत गाड्या हलल्या, जीप निघूनही गेली. गिऱ्हाइकाला द्यायचा रंगाचा डबा हातात तसाच धरून मी उभा... या गोष्टीला आता दोन महिने होत आले. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी त्याच्यावर लिहा म्हटलं तेव्हा मी सरळ नाही म्हणालो होतो. माझं हार्डवेअरचं आणि रंगाचं दुकान. मला लिहायची सवय ती बिलं लिहायची. पण गेल्या महिन्यात त्याच्या गावात जे पाहिलं त्याने माझं डोकं असं फिरलं आहे की लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

गेनभाऊ आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. माझे आजोबा मारवाडातून इथे आले, त्याचे पूर्वज कुकडीच्या काठचेच. तो मला पहिल्या दिवसापासून शेट म्हणाला, तेव्हा माझ्या चड्डीला खिसासुद्धा नव्हता. पुढे मी गल्ल्यावर बसलो आणि तो कालव्यावर पाटकरी लागला. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेताशेताला पाळीने सोडणारा माणूस. आज याची पाळी, उद्या त्याची. मधे कुणी पाटाचं दार उचकटून पाणी ओढलं तर गेनभाऊ त्याच्या बांधावर जाऊन उभा राहायचा, मग तो सरपंच असो की स्वतःचा चुलता. त्यामुळे त्याला मानणारे पुष्कळ, पण त्याच्याबरोबर चहा प्यायला बसणारे मोजके. त्यातला एक मी.

त्याच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तेवढंच निमित्त होईल त्यांना मिरवायला. येडगावच्या पुढचं छोटं गाव, त्याच्या भैरवनाथाच्या देवळाबाहेर सात वीरगळ. लढाईत मेलेल्या माणसांच्या आठवणीचे कोरीव दगड, आपल्याकडे गावोगाव असतात आणि गावोगाव त्यांच्यावर गोवऱ्या थापतात. गेनभाऊला ते वाचता यायचे. खालून वर वाचायचे, तो सांगायचा. खालच्या चौकटीत लढाई, घोडा, पडलेला माणूस. मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर तो देवापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कालव्यावर पाणी सुटायची वाट बघत त्याने आयुष्यातले किती तास त्या दगडांसमोर काढले असतील, देव जाणे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं आयर्लंडला गेलो. हसू नका, खरंच गेलो. त्याची एकुलती एक मुलगी वैशाली तिकडे नोकरीला आहे. वहिनी गेल्यापासून ती बापाला बोलवत होती आणि हा म्हणायचा, शेट येत असेल तर येतो. शेवटी तिने मलाच पकडलं. जून महिना होता. आमच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, आणि तिकडे जूनमध्ये सूर्य दहा वाजले तरी जायचं नाव घेत नाही. मी साडेनवाला निवांत वरण-भात जेवायला बसलो की गेनभाऊ खिडकीशी उभा राहून म्हणायचा, शेटसाठी थांबवून धरलाय. पोरगी हसून हसून बेजार.

एका रविवारी तिने आम्हाला डब्लिनपासून दीडेक तासावरच्या एका खेड्यात नेलं. एकच रस्ता, पाचपन्नास घरं, एक दुकान, भुरभुर पाऊस आणि मेंढ्या. पण त्या खेड्यात ख्रिस्ताचा धर्म तिकडे नवीन होता तेव्हाचा मठ आहे. म्हणजे आता छप्पर नसलेल्या भिंती, एक उंच गोल मनोरा आणि माणसाच्या दुप्पट उंचीचा दगडी क्रूस, अंगभर चौकटी कोरलेला. त्याच्या भोवती गावाची दफनभूमी, जुन्या कबरी आणि परवापरवाच्याही. त्या दिवशी गाव तिथेच होतं. वर्षातून एकदा घरटी माणसं येऊन आपापल्या कबरी साफ करतात, मग प्रार्थना होते. क्रूसाच्या बुडाशी सत्तरी ओलांडलेली एक बाई गुडघ्यावर बसून हातकात्रीने गवत कापत होती. मॉरीन तिचं नाव. गेनभाऊने वैशालीला विचारायला लावलं, मशीन का नाही लावत? ती म्हणाली, मशीनने खडे उडतात आणि कोरलेल्या चेहऱ्यांना लागतात. मग तिने सांगितलं की क्रूस कुणा एका घराचा नाही, म्हणून त्याची राखण घराघरांत फिरते. यंदा तिच्या घराची पाळी.

पाळी हा शब्द वैशालीने मराठीत सांगितला आणि गेनभाऊ तिथेच ओल्या गवतात बसला. मॉरीनच्या हातातली कात्री मागून घेतली. अर्धा तास त्याने ते गवत कापलं, नवं धोतर चिखलाने माखलं, आणि ती बाई शेजारी बसून बघत राहिली. नंतर तो उठला आणि क्रूसाच्या सगळ्यात खालच्या चौकटीवर बोट ठेवून, न टेकवता, वर वर नेत गेला. मॉरीनने मान हलवली. तिथेही खालूनच वाचतात. गेनभाऊ मला म्हणाला, "खाली भांडान, वर देव. समदीकडं सारखंच हाय राव."

त्या दगडावर पांढरी-पिवळी बुरशी चढलेली होती. मी दुकानदार माणूस, मला राहवेना. मी म्हटलं हे घासून काढत का नाहीत? मॉरीनने क्रूसाच्या एका अंगाला नेऊन दाखवलं. दोन चेहरे सपाट, नाक नाही, डोळे नाहीत. तिच्या आजोबांच्या वेळी कुणीतरी फार मायेने तारेच्या ब्रशने घासले होते म्हणे. परत येताना गाडीत गेनभाऊ म्हणाला, "शेट, आमच्या गावात देऊळ नवं करायचं चाललंय. दगडांना रंग द्यायचा म्हनत्यात. तुझ्या दुकानातनं तेवढा जायचा न्हाई."

"नाही जाणार," मी म्हणालो. वैशाली गाडी चालवत होती, तिने ऐकलं.

परत आल्यावर त्याने ग्रामसभेत उभं राहून हे सगळं सांगितलं. मी बघायला गेलो होतो. त्याने शाळेच्या वहीच्या कागदावर पाळ्या लिहून आणल्या होत्या. महिन्याला एक घर, नुसतं पाणी आणि मऊ फडकं, साबण नाही, शेंदूर नाही, तेल नाही. पहिला महिना स्वतःचा. दुसरा माझा, मी त्या गावचा नाही, त्या देवाचा नाही, तरी. तिसऱ्यापासून जागा कोऱ्या. कुणी नाव द्यावं म्हणून तो कागद हातात धरून उभा राहिला... आणि लोक हसले. फॉरेनचा पाटकरी आला, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि ते नावच पडलं. देऊळ समितीचे अध्यक्ष नाना, तसा भला माणूस, त्यांनी समजावलं की भाऊ, तिकडची गोष्ट वेगळी. काय वेगळी? तिकडच्या बाईचे गुडघे लोखंडाचे होते का? मला तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी परगावचा म्हणून गप्प बसलो, माझं चुकलं.

त्या कागदावर तिसरं नाव कधीच लागलं नाही. तीन वर्षं आम्ही दोघांनीच पाळ्या केल्या, एक महिना तो, एक महिना मी. बहुतेक वेळा माझीही तोच करायचा, दुकानात गर्दी असेल म्हणून. पण रंग लागू दिला नाही. समितीने दोनदा ठराव केला आणि दोन्ही वेळा हा दगडांपुढे जाऊन बसला, जसा पूर्वी बांधावर उभा राहायचा. एकदा समितीचा माणूस माझ्याकडे ऑइलपेंट मागायला आला, मी त्याला माघारी लावला. शेवटच्या दुखण्यात छातीने धरलं, बोलताना दम लागायचा. मी भेटायला गेलो तर प्रकृतीचं काही नाही, एवढंच विचारलं, रंग आणला का रं कुणी? मी म्हटलं नाही. मग तो झोपला. आमचं शेवटचं बोलणं ते.

वैशाली तिसऱ्या दिवशी पोचली. दहाव्याला, घाटावरचे विधी उरकल्यावर, ती सुतकातल्या त्याच साडीत देवळाकडे गेली आणि तिने सातही दगड धुतले. मी पाणी आणून देत होतो. तेरावं करून ती परत गेली.

ती गेल्यावर चार दिवसांनी नाना माझ्या दुकानात आले. डोळे भरलेले. म्हणाले, भाऊंच्या नावाने देवळाच्या आवारात कट्टा करायचा ठरलंय, सगळं गाव राबणार, रंग तेवढा तुमच्याकडून. मला काय वाटलं सांगू... मला वाटलं, गावाला सुबुद्धी झाली. जिवंतपणी नाही, मेल्यावर तरी त्याला मान मिळाला. मी म्हटलं पैशाचं नाव काढू नका, लागेल तो घेऊन जा. पांढरा, काळा, लाल, गुलाबी असे डबे त्यांनी काढले, सोनेरीच्या चार छोट्या डब्या काढल्या. मी वर ब्रश दिले. कट्ट्याला सोनेरी रंग कशाला लागतो, हे विचारायला फार अक्कल लागत नाही. चाळीस वर्षं रंग विकणाऱ्याला तर नाहीच लागत. मी नाही विचारलं.

गेनभाऊला जाऊन महिना भरला त्या दिवशी उद्घाटनाला बोलावलं. मांडव, स्पीकर, शाली. फॉरेनचा पाटकरी म्हणून हसणारेच माईकवर येऊन सांगत होते की भाऊंनी आम्हाला आमच्या वारशाची ओळख करून दिली. तळपायाची आग मस्तकात जात होती, तरी मी बसून राहिलो. मग पडदा काढला. चकचकीत टाइल्सचा लांब कट्टा, आणि त्यात ओळीने सिमेंटने पक्के बसवलेले सातही वीरगळ. गुलाबी अंगं. काळ्या मिश्या. पांढरेशुभ्र घोडे, लाल लगामाचे. अप्सरांना सोनेरी दागिने, ओठांना लाली, आणि जिथे ऊन-पावसाने डोळे पुसले होते तिथे नवे टपोरे डोळे काढलेले. दगड नीट उभे राहावेत म्हणून खालचा हातभर भाग सिमेंटात गाडला होता. म्हणजे लढाई गेली. गेनभाऊ जिथून वाचायला सुरुवात करायचा, ती चौकटच कुणाला आता दिसणार नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नानांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं आणि तोंडात येईल ते बोललो. माझ्या घरच्यांनीही माझ्या तोंडून कधी ऐकलं नसेल असं. नाना बिचारे गोंधळून गेले. "शेट, भाऊच सांगत व्हते ना, दगडांची काळजी घ्या म्हून? आता शंभर वरसं काय व्हत नाय त्यांना," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. तेच मला सहन होईना. लबाड माणूस असता तर भांडलो असतो, कोर्टात खेचला असता. मायेने केलेल्याचं काय करायचं? मी पुण्याच्या एका जाणकाराला फोटो पाठवले. तो म्हणाला थिनर लावू नका, दगड रंग पिऊन बसलाय, रंगाबरोबर कोरीव काम जाईल. सिमेंट फोडायला गेलात तर दगडच तुटतील. मला ते आधीच माहीत होतं. हा रंग निघत नाही, असं मी स्वतः दररोज गिऱ्हाइकाला सांगतो.

कट्ट्याच्या टोकाला एक संगमरवरी पाटी आहे. वर गेनभाऊचं नाव, आधी कैलासवासी लावून. खाली सरपंच, समिती, सगळ्यांची नावं. आणि सगळ्यात खाली, रंग सौजन्य म्हणून, माझं. नाना म्हणाले होते की शेट, तुमचं नाव जरा ठळक घेतलंय.

परवा वैशालीचा फोन आला. दिवाळीत येतेय, विमानतळावरून आधी थेट देवळाकडे जाऊ म्हणाली. दगड कसे आहेत काका, पाळी कोण करतंय? मी म्हणालो आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. तिला इकडची पुरवणी मोबाइलवर वाचायची सवय आहे, म्हणून मी पुरवणीवाल्यांना होकार कळवला.

वैशाली, त्या पाटीवर वाचण्याआधी इथे वाच. रंग मी दिला.