मुळांवरची माती

"माती झटकू नकोस, अण्णा. ती गवताची आहे, तुझी नाही."

देवनहळ्ळीहून हरळीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या अक्कांचं पहिलं वाक्य हेच असायचं. नमस्कार त्यानंतर.

मी बंगल्यांपुढे हिरवळ लावून द्यायचो. बसवनगुडीत धंदा उभा केला तो घासाघीस करूनच. गवताच्या भावात माती विकत घेणाऱ्यांतला मी नव्हे.

एका बड्या साहेबांचं काम आलं. अर्धं गवत मातीसकट लावून झालं, तेव्हा मी अक्कांना अडवलं. "मी गवत घेतोय, शेत नाही. उरलेल्याची मुळं धुऊन द्या."

"देते. पण ते गवत माझं म्हणून सांगू नकोस."

उन्हाळ्यात पाणी कमी झालं. धुतलेला भाग पिवळा पडला, शेजारचा हिरवागार. तुम्ही पाहिला असता तर मधली रेघ तुम्हालाही दिसली असती. साहेबांनी दोघांना बोलावलं. अक्कांनी खुरप्याने हिरव्या भागाचा चौकोन कापून उलटा केला. मुळांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे होते.

"मुळाचा हात पोचत नाही तिथून हे पाणी आणतात, साहेब. नाचणीच्या रोपालासुद्धा मी ही माती मूठभर घालते."

साहेब मागे सरले. "ही तर बुरशी. सगळं उपटून औषध मारा."

अक्का हिरवळीवर मांडी घालून बसल्या. "मेलेलं खुशाल उपटा. जिवंताला हात लावायचा तर आधी मला उचला."

संध्याकाळपर्यंत कोणी उचललं नाही. उठताना तो चौकोन त्यांनी माझ्या हातात दिला; मी तो घरी दारात लावला. दुसऱ्या दिवशी सगळं उपटलं गेलं, आणि मी रोगट गवत विकतो असं साहेब गावभर सांगत सुटले. तो राग अजून गेलेला नाही. अर्धी हिरवळ माझ्या हावरेपणाने मेली, हे मी तिथे बोललो नाही, तो स्वतःवरचा रागही गेलेला नाही.

पुढे संशोधन संस्थेतल्या एका शेजाऱ्यांनी त्या चौकोनातलं एक मूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. म्हणाले, बुरशीच आहे, पण पोसणारी. मुळांना पाणी आणि अन्न पुरवते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. मी धावत देवनहळ्ळीला गेलो.

"म्हणजे काचेतून दिसल्यावर खरं झालं होय रे?" अक्का हसल्या.

आता अक्का नाहीत. तो चौकोन माझ्या दारापासून फाटकापर्यंत पसरलाय. परवा त्याच साहेबांचा माणूस आला. हेच गवत हवं, भाव मी म्हणेन तो, फक्त मुळं धुऊन द्यायची.

मी आजवर गिऱ्हाईक परत पाठवलेलं नाही. त्याला म्हटलं, "साहेबांना सांग, अक्का अजून त्यावर बसल्या आहेत."