पातळ पात्याचा घाव

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, बरीच प्रकरणे पुसट झाली. ही घटना मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे उभी राहते.

तेव्हा मी धारणी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अकोल्याचे चार मित्र नदीकाठच्या एका शेतात तंबू ठोकून उतरले होते. सायंकाळी त्यांच्यापैकी एक जण पाणी आणायला गेला आणि काठावर पोटात, बरगडीलगत, चाकूचा वार झालेल्या अवस्थेत सापडला. त्याला बेशुद्धावस्थेतच अमरावतीला हलवले. उरलेल्या तिघांपैकी एकाने सांगितले की, त्यांच्या भाड्याच्या जीपचा चालक नदीकडून घाईघाईने येताना त्याला दिसला. इतर दोघांनी माना डोलावल्या.

चालक अंजनगाव सुर्जीचा, पन्नाशीतला. वाळल्या गवताजवळ शेकोटी पेटवली म्हणून सकाळीच त्याने जखमीला सर्वांसमोर झापले होते. त्याच्या सीटखाली रक्त लागलेला सुरा मिळाला. पंचांसमक्ष सुरा सीलबंद केला आणि चालकाला अटक केली. रक्त दुपारी कापलेल्या कोंबडीचे आहे, हे तो सांगत राहिला. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता. त्याची बायको दुसऱ्या दिवशी सकाळपासून ठाण्याच्या ओट्यावर बसून होती. मला पाहून ती उठली.

"माह्या माणसानं मारलं असन तर त्याले फाशी द्या, साहेब. पण आदी नीट पाहा."

मी पाहायला बसलो. मला रानात भटकायची आवड, त्यामुळे न दुमडणारे दोन चाकू माझ्याकडेही होते. एकाचे पाते जाड. लाकडावर ठेवून मागून ठोकले तरी ते वाकत नाही, लाकूड फुटते. टोमॅटो चिरायला घेतला तर मात्र चेंगरतो. दुसऱ्याचे पाते पातळ. मासा, फळ अलगद कापणारे, पण लाकडात घातले की वाकलेच म्हणून समजा. चालकाचा सुरा पहिल्या जातीचा होता, सरपण फोडायचा. मुठीपुढे आडवी पितळी पट्टीही होती, हात पात्यावर घसरू नये म्हणून.

मी अमरावतीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सुऱ्याच्या पाठीची जाडी सांगितली. जखम अरुंद आणि खोल आहे, असे ते म्हणाले. एवढ्या जाड पात्याने तिचे एक टोक रुंद आणि बोथट झाले असते. त्यांचे लेखी मत मी लगेच मागवले. हत्यार दुसरे होते आणि ते अजून मिळायचे होते.

त्याच दुपारी आमच्या हवालदाराने खबर आणली. बसस्थानकाजवळ चहा विकणाऱ्या बाईकडे अकोल्याच्या पोरांपैकी एकाने जखमेत भरायला हळद मागितली होती. हाताला रुमाल गुंडाळलेला होता. चालकाला नदीकडून येताना पाहणारा तो हाच.

मी त्याला पुरवणी जबाबासाठी बोलावले. चहा दिला. त्याने कप डाव्या हाताने उचलला आणि बशीत सांडला. हाताला काय झाले विचारले तर म्हणाला, कांदा कापताना लागले. रुमाल सोडायला लावला. उजव्या हाताच्या चारही बोटांवर आतून, एका रेषेत काप होता.

"कांदा कापताना चाकू कोणत्या हातात होता?"

"उजव्या."

"मग बोटं उजव्याच हाताची कशी कापली?"

मी आवाज चढवला नाही. मुठीपुढे आडपट्टी नसलेला चाकू जोराने खुपसला की तो हाडाशी अडतो, घामेजलेली मूठ पुढे पात्यावर सरकते आणि चारही बोटे एकदम कापली जातात, एवढेच त्याला सांगितले. त्याने रुमाल पुन्हा बोटांभोवती गुंडाळला. मग हळूच विचारले, "तो वाचला का?"

वाचेल, म्हणालो. तेव्हा त्याला रडू फुटले. त्याच्या बहिणीशी ठरलेली सोयरीक जखमीने मोडली होती, आणि तिथे नदीकाठी तिच्याबद्दल वेडेवाकडे बोलला होता.

पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, पण आरोपीने दाखवलेल्या जागी हत्यार मिळाले तर ते पुराव्यात धरले जाते, म्हणून मी पंच बोलावले. त्याने आम्हाला पुलाखाली नेले आणि कपारीत दडवलेला चाकू स्वतः काढून दिला. पाते पातळ, मूठ गुळगुळीत, आडपट्टी नाही. जखमी शुद्धीवर आला तेव्हा त्यानेही त्याच मित्राचे नाव घेतले. पुढे न्यायालयात ही जप्ती, जखमीची साक्ष आणि डॉक्टरांचे मत टिकले. आरोपीला शिक्षा झाली.

चालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयात सादर केला. तो सुटून आला त्या दिवशी धारणीतले झाडून सारे जीपवाले त्याला न्यायला आले होते. गळ्यात झेंडूचा हार घालून, भोंगे वाजवत त्यांनी बाजारातून त्याची मिरवणूक काढली. वाहतूक खोळंबली, पण माझ्या शिपायांनी कोणाला हटकले नाही. मीही ठाण्याच्या दारात उभा राहून ती पाहिली. नोकरीत पदकही मिळाले, पण त्या भोंग्यांइतका आनंद मला पदकाने दिला नाही.

रक्ताने माखलेली वस्तू हाती आली की तपास संपल्यासारखा वाटतो. सगळे ठाणे सैलावते. त्या प्रकरणानंतर जप्त केलेली प्रत्येक वस्तू मी समोर ठेवून बसू लागलो आणि विचारू लागलो, हे काम तुला जमले असते का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असे यायचे. ज्या मोजक्या वेळी 'नाही' आले, त्या प्रत्येक वेळी एक निरपराध माणूस माझ्या कोठडीतून ताठ मानेने घरी गेला.